जोवाईची हळद, रबाळ्याचा ड्रायर: दोन टोकांच्या सौद्यात एका चेंबरने केलेलं काम

नवी मुंबईतल्या एका औद्योगिक चेंबरने (उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संघटनेने) मेघालयातल्या एका हळद-व्यावसायिक बाईंचा आणि आपल्या सभासदांचा व्यापार जुळवून दिला, त्याची ही हकिगत. सगळ्यांची नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. मी चेंबरचा पदाधिकारी नाही. पत्रव्यवहार वाचून आणि संबंधित सगळ्यांशी बोलून हे लिहिलं आहे. मतं माझी आहेत.

पार्श्वभूमी

दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात आता माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती जास्त दिसतात. तरी रबाळे, महापे, पावणे भागात स्टीलची यंत्रं बनवणारे, औषधं आणि पूरक आहार बनवणारे लहान-मध्यम कारखाने अजून टिकून आहेत. पलीकडे तुर्भ्याला वाशीची बाजार समिती आणि तिथला मसाला बाजार. मशीद बंदरहून हा बाजार खाडीपलीकडे आला, त्यालाही आता एक पिढी उलटली. कारखाने आणि बाजार यांत रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांचं अंतर आहे, पण दोन्हींकडच्या लोकांची एकमेकांशी ओळख बेताचीच. या प्रकरणात ते फार नडलं.

दुसरं टोक मेघालयातलं. पश्चिम जैंतिया हिल्स जिल्ह्यात, जोवाईच्या आसपास, लाकाडोंग नावाची हळद पिकते. तिच्यात कुरकुमिनचं (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास असतं, नेहमीच्या हळदीत २ ते ३ टक्के. राज्य सरकारने २०१८ मध्ये तिच्यासाठी ‘मिशन लाकाडोंग’ सुरू केलं. याच हळदीसाठी काम करणाऱ्या ट्रिनिटी सायू यांना २०२० ची पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाव झालं होतं, पण मालाला बांधलेलं गिऱ्हाईक नव्हतं.

ओळख झाली ती रुग्णालयामुळे. ईशान्येकडचे बरेच रुग्ण कर्करोगाच्या उपचारांसाठी परळला आणि खारघरला येतात. वाशीत आसाम भवन, मिझोराम हाऊस आहेत. तिथे उतरलेल्यांत असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बरेच असतात. या प्रकरणातल्या बाई आपल्या भावाच्या उपचारांसाठी खारघरला राहिल्या होत्या. गावाकडे त्या आजूबाजूच्या कुटुंबांकडून ओली हळद घेऊन, काप करून, सुकवून विकत. त्यांच्याकडे त्यांना आदराने ‘कॉंग’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. घरमालकाच्या ओळखीने त्या चेंबरच्या कार्यालयात पोचल्या. हा २०२४ चा मार्च. सोबत भाचा होता आणि पिशवीत किलोभर सुकी हळद.

अडचण

चेंबरने लगेच त्यांची गाठ मसाला बाजारातल्या एका सभासदाशी घालून दिली. हळद म्हणजे मसाला आणि मसाला म्हणजे वाशी, हे इतकं सरळ वाटलं की कुणी दुसरा विचारच केला नाही.

शेठ मूळचे सांगलीकडचे, तिथल्या हळदीच्या सौद्यांत वाढलेले. त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर माल टेबलावर पसरला आणि चेंबरच्या कार्यकारी अधिकाऱ्याला म्हणाले, “साहेब, रंग झकास आहे. पण हे काप आहेत. बाजारात हळकुंड चालतं.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. सांगलीकडे हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात. हळकुंडाची लांबी, जाडी, चकाकी, मोडल्यावर होणारा आवाज यांवर भाव ठरतो. गड्ड्याचा भाव वेगळा, हळकुंडाचा वेगळा. जैंतिया हिल्समध्ये ती बहुधा न शिजवता पातळ काप करून सुकवतात. नजरेने माल पारखणाऱ्या बाजारात कापांना प्रतच नाही. कॉंगनी सांगितलेला भाव सांगलीच्या चांगल्या हळकुंडाच्या जवळपास दुप्पट होता. शेठ निम्म्यापेक्षाही खाली बोलले.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट घडली, ती पुढे महागात पडली. शेठ सगळं बोलणं भाच्याशीच करत राहिले. त्याचं हिंदी चांगलं होतं, कॉंग मोजकं बोलत होत्या. भाच्याने मान डोलावली तेव्हा वाशीच्या बाजूला वाटलं, सौदा झाला. दुसऱ्या दिवशी कॉंगचा निरोप आला: या भावाला माल द्यायचा नाही. शेठ चिडले, “काल हो म्हणाले, आज नाही म्हणतात. अशा लोकांशी धंदा कसा करायचा?” खासी आणि जैंतिया समाजात वारसा आईकडून चालतो, घरची मालमत्ता बहुतेक वेळा धाकट्या मुलीकडे जाते. इथे तर व्यवसाय, खातं, नोंदणी सगळं कॉंगच्याच नावावर होतं. भाचा दुभाष्या म्हणून आला होता. त्याने मान डोलावली ती पाहुण्यांचा मान राखायला.

थोडक्यात, माल उत्तम होता, गिऱ्हाईक चुकीचं होतं आणि सही कोणाची चालते हे कुणी विचारलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

चेंबरच्या कार्यकारिणीत यावर दोनदा चर्चा झाली. इतिवृत्त वाचताना दिसतं की पहिल्या बैठकीत सगळ्यांचा ओढा मोठ्या गोष्टींकडे होता.

एक सूचना गुवाहाटीतल्या एखाद्या मोठ्या व्यापारी संघटनेशी सामंजस्य करार करण्याची. सह्या, शाल-श्रीफळ, फोटो. असे करार या चेंबरच्या कपाटात आधीच होते आणि त्यांतल्या एकातूनही एक ट्रक माल हललेला नव्हता. खजिनदारांनी हे तोंडावर सांगितलं, हे त्यांचं श्रेय.

दुसरी सूचना वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये ईशान्य भारताचं खरेदीदार-विक्रेता संमेलन घेण्याची. ती वाईट नव्हती. पण संमेलनात नमुने वाटले जातात, ओळखपत्रांची देवाणघेवाण होते आणि सौद्याची वेळ येते तेव्हा भाव, दर्जा, पैसे या तिन्हींवर गाडं अडतं. ते अडलं की सोडवायला कोणीच नसतं.

एका उत्साही सभासदाने थेट जोवाईत चेंबरचं किंवा सभासदांचं गोदाम उघडायचं सुचवलं. हा पर्याय कायद्यानेच बाद झाला. जैंतिया हिल्स राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखालचा, म्हणजे आदिवासींच्या स्वायत्त जिल्हा परिषदेचा भाग आहे. मेघालयातल्या १९७१ च्या जमीन हस्तांतरण कायद्यामुळे बिगर-आदिवासींना तिथे सरकारी मंजुरीशिवाय जमीन घेता येत नाही आणि व्यापार करायचा तर स्वायत्त जिल्हा परिषदेचा परवाना लागतो. कायद्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. बाहेरच्या पैशाने आपल्या डोंगरांचं काय होतं, हे कोळशाच्या खाणींत त्या लोकांनी पाहिलं आहे.

चौथा पर्याय कार्यकारी अधिकाऱ्याचा. एकच विक्रेता, एकच खरेदीदार, एकच छोटी खेप, आणि ती पूर्ण होऊन पैसे पोचेपर्यंत चेंबरने मधून हलायचं नाही. एका सदस्याने विचारलंही, “आपण काय दलाली करायला बसलोय का?” प्रश्न टोमण्याचा होता, पण रास्त होता. चेंबर निर्यातीसाठी मालाच्या उगमाचे दाखले देतं, सरकारला निवेदनं पाठवतं, चर्चासत्रं घेतं. एका किलोच्या भावात लक्ष घालणं त्याच्या सवयीतलं काम नव्हे. शेवटी ठराव असा झाला की चेंबर पैशाला हात लावणार नाही आणि भावात बोलणार नाही. नमुना, तपासणी, कागदपत्रं आणि तंटा या चारच गोष्टी ते सांभाळेल.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. मर्यादा आधी आखून घेतली, म्हणूनच पुढे भांडण झालं तेव्हा दोन्ही बाजूंनी चेंबरचं ऐकलं.

गिऱ्हाईक बदललं

कार्यकारी अधिकाऱ्याने सभासदांच्या यादीतून पावण्यातली एक कंपनी शोधली. ती हळदीची पूड कॅप्सूलमध्ये भरून देते. तिला हळकुंड सरळ आहे की वाकडं याच्याशी देणंघेणं नाही, माल शेवटी दळायचाच असतो. तिला प्रयोगशाळेच्या अहवालावर कुरकुमिनचा आकडा हवा असतो, शिसं आणि कीटकनाशकांचे अंश मर्यादेत हवेत आणि जिवाणूंची संख्या कमी हवी. कंपनी तोवर दक्षिणेतून माल घ्यायची आणि टक्केवारी भरून काढायला वरून अर्क मिसळायची. नुसत्या पुडीतच ६ टक्क्यांच्या वर आकडा मिळत असेल, तर तिचं गणित बदलत होतं.

आता वाशीच्या शेठजींचं काय करायचं? त्यांना वगळणं सोपं होतं. अधिकाऱ्याने तसं केलं नाही. कंपनीकडे कच्चा माल ठेवायला जागा कमी होती आणि दोन-तीन टनांची फुटकळ खेप उतरवून घेण्याची यंत्रणा नव्हती. शेठजींकडे तुर्भ्यात गोदाम होतं, माथाडी टोळी होती, हुंडेकऱ्यांशी, म्हणजे मालवाहतूक ठेकेदारांशी, वर्षानुवर्षांचे संबंध होते. त्यांना किलोमागे ठरावीक कमिशन देऊन माल उतरवणं, वजन, साठवण आणि पावण्यापर्यंत पोचवणं त्यांच्याकडे दिलं. भावाशी संबंध नाही, दर्जाशी संबंध नाही. शेठ आधी नाराज होते. पण नंतर या मालावरचं लक्ष त्यांचंच जास्त राहिलं. पोत्याला हात लावून ओल सांगणारा माणूस कंपनीच्या खरेदी विभागात कुणी नव्हता.

कागदांचा फेरा

पावण्याच्या कंपनीने नवीन पुरवठादाराचा छापील अर्ज पाठवला. त्यात तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली होती. कॉंगकडे एकही नव्हतं. कंपनीच्या लेखा विभागाने फाईल बाजूला ठेवली आणि पंधरवडाभर कुणीच काही बोललं नाही. कॉंगना वाटलं कंपनीला रस नाही. कंपनीला वाटलं बाईंचा धंदा कच्च्या पावत्यांचा.

खरं कारण तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १०(२६). सहाव्या अनुसूचीतल्या भागात राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे मिळणारं उत्पन्न करमुक्त असतं. विवरणपत्र नसणं हा तिथे सचोटीवरचा डाग नव्हे. चेंबरच्या सल्लागार सनदी लेखापालांनी एक पानी पत्र लिहून दिलं आणि त्याऐवजी बँकेची उलाढाल, जीएसटी नोंदणी आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) घ्यावी असं सुचवलं. आंतरराज्य विक्री असल्याने उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागतेच आणि ती कॉंगकडे होती. एका फोनवर सुटणारी गाठ होती. पण तो फोन कोण करणार, हे ठरलेलं नव्हतं.

पैशाच्या मुदतीचाही प्रश्न होता. कंपनी सगळ्यांना ९० दिवसांनी पैसे देत असे. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. नुकतंच आयकरात कलम ४३ब(एच) आलं होतं. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा मिळत नाही. कॉंगची उद्यम नोंदणी नुसत्या व्यापाराची असती तर याचा फायदा झाला नसता. काप करून सुकवण्याची प्रक्रिया असल्याने ती निर्मितीखाली होती. कंपनीच्या लेखापालाला हा मुद्दा पटायला वेळ लागला नाही, कारण यात नुकसान कंपनीचंच होतं. ठरलं असं: तपासणीचा अहवाल आल्यावर निम्मे पैसे, उरलेले ३० दिवसांत.

पाकिटावर ‘लाकाडोंग’ छापायची कंपनीची इच्छा मात्र बाजूला ठेवावी लागली. मानांकन मिळालेलं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. तोवर पाकिटावर ‘मेघालयातली हळद’ एवढंच.

पहिली खेप

इथे घाई झाली. हळदीची काढणी हिवाळ्यात होते, मार्चपर्यंत बराच माल विकला गेलेला असतो. कॉंगकडे दोन टन उरला होता. कंपनीला पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं नव्हतं, कॉंगना पैशाची गरज होती. कागद पुरे होईपर्यंत मे संपत आला. माल निघाला आणि त्याच्यामागून पाऊस.

जोवाई ते शिलाँग, शिलाँग ते गुवाहाटी, तिथून सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून खाली. गुवाहाटीपासून नवी मुंबई रस्त्याने पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. दोन टनांसाठी अख्खा ट्रक परवडत नाही, म्हणून माल पार्टलोडने गेला. पार्टलोडचा माल वाटेत गोदामात थांबतो, दुसऱ्या गाडीत चढतो, पुन्हा थांबतो. ई-वे बिलाची (जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या वाहतूक-दाखल्याची) मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने १४ दिवसांची होती. गुवाहाटीच्या गोदामातच माल इतका पडून राहिला की पुढच्या प्रवासात मुदत संपली. संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, हे कॉंगना माहीत नव्हतं आणि वाहतूकदाराने सांगितलं नाही. वाटेत गाडी अडली, दंड भरावा लागला.

माल तुर्भ्यात उतरला तेव्हा शेठजींनी एका पोत्यात हात घातला आणि चेंबरला फोन लावला, “साहेब, माल ओला आहे. तपासायला पाठवू नका, आधी पंख्याखाली पसरू दे.” अधिकाऱ्याने नकार दिला. आल्या स्थितीतच नमुना काढायचा. अवघड निर्णय होता, पण बरोबर. एकदा माल हाताळला की ओल कुठे लागली हे कधीच सिद्ध झालं नसतं.

पोती साधी विणलेली होती, आत प्लॅस्टिकचं अस्तर नाही. ओलावा १३ टक्के निघाला. अख्ख्या किंवा कापलेल्या सुक्या हळदीला मर्यादा १२ ची. आणि कुरकुमिनचा आकडा आला ६.४. कॉंगनी माल पाठवण्याआधी करून घेतलेल्या तपासणीत तो ७.४ होता.

कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने सरळ लिहिलं की पुरवठादाराने एक माल दाखवला आणि दुसरा पाठवला. कॉंगचं उत्तर एका ओळीचं होतं: माल परत पाठवा. परतीचं भाडं कोण देणार, यावर पत्रव्यवहार तापला.

करारात चेंबरने एक साधी गोष्ट घालून ठेवली होती. माल निघताना तीन मोहोरबंद नमुने काढायचे: एक विक्रेत्याकडे, एक मालासोबत, एक कुरियरने चेंबरच्या कपाटात. कपाटातला नमुना कंपनीच्याच पसंतीच्या प्रयोगशाळेत गेला आणि दोन्ही प्रयोगशाळांकडून पद्धतीचा तपशील मागवला. उलगडा झाला तेव्हा दोन्ही बाजू गप्प झाल्या. मेघालयातल्या अहवालातला आकडा पाणी वगळून, म्हणजे पूर्ण कोरड्या मालावर काढलेला होता. नवी मुंबईतला आल्या स्थितीतल्या मालावर. ७.४ मधून १३ टक्के ओलाव्याचा हिस्सा वजा केला की ६.४ च येतात. कपाटातल्या नमुन्यानेही कोरड्या हिशेबाने तोच ७.४ चा आकडा दिला. हळद तीच होती. अहवालावर हिशेब कोणत्या पायावर केला ते बारीक अक्षरांत छापलेलं होतं आणि ते कुणी वाचलं नव्हतं.

ओलाव्याची तूट वजनात धरली, कॉंगनी ती मान्य केली. जिवाणूंची संख्या मात्र खरोखरच जास्त होती, कारण काप अंगणात चटईवर सुकवलेले होते. कंपनीने पूड वाफेने निर्जंतुक करून घेतली आणि त्या खर्चाचा निम्मा भार कॉंगवर टाकला. निम्मा का, याला उत्तर नाही. करारात तो मुद्दाच नव्हता. सगळं वजा जाता कॉंगच्या हातात जे आलं ते गुवाहाटीच्या बाजारात मिळालं असतं त्याहून थोडंच जास्त होतं. पण ते ३० दिवसांच्या आत आलं.

उलटा माल

अंगणात सुकवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा रबाळ्याचे एक कारखानदार पुढे आले. ट्रे ड्रायर, काप करायचं यंत्र, पल्व्हरायझर (पूड करायचं यंत्र) बनवणारा त्यांचा कारखाना. त्यांनी लगेच विजेवर चालणाऱ्या मोठ्या ड्रायरचं दरपत्रक पाठवलं, सोबत सरकारी योजनेतून किती अनुदान मिळेल याचा तक्ता. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होतं, त्यामुळे तक्ता आकर्षक दिसत होता.

अधिकाऱ्याने त्यांना एकच अट घातली: दरपत्रकाआधी तिथे जाऊन या. कारखानदार कुरकुरत गेले. परत आले तेव्हा दरपत्रक स्वतःच मागे घेतलं. गावात तीन फेजची वीज भरवशाची नव्हती. रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात मोठं यंत्र चढवणं जिकिरीचं होतं. त्यांनी नवीन मांडणी केली: उन्हावर तापणारा बोगदा, ढगाळ दिवसांसाठी लाकडावर चालणारी गरम हवेची भट्टी, विजेवर फक्त पंखे. सगळं सुटं, पिकअपमध्ये मावेल असं. रबाळ्यात असं त्यांनी याआधी काही बनवलेलं नव्हतं.

दुरुस्तीचा प्रश्न त्याहून मोठा होता. पंखा बिघडला म्हणून रबाळ्याचा फिटर पावणेतीन हजार किलोमीटर जाणार नाही. म्हणून जोवाईतल्या एका वेल्डिंगवाल्या तरुणाला उभारणीच्या वेळी सोबत घेतलं, सुट्या भागांची पेटी तिथेच ठेवली आणि बाकी व्हिडिओ कॉलवर. उभारणीला गेलेल्या फिटरने रविवारीही काम चालू ठेवायचं म्हटलं, तेव्हा गावाने नम्रपणे नकार दिला. तिथे रविवार चर्चचा. ड्रायर एक दिवस उशिरा पेटला, एवढंच.

वाहतुकीचं कोडंही इथेच सुटलं. कळंबोलीच्या एका वाहतूकदार सभासदाने सांगितलं की गुवाहाटीला जाताना गाड्या भरून जातात, येताना भाड्यासाठी थांबून राहतात. परतीच्या गाडीत पाच टन जागा त्याने पार्टलोडपेक्षा स्वस्त दिली आणि माल वाटेत उतरणार नाही अशी हमीही दिली. ही माहिती चेंबरच्या सभासद-यादीत पहिल्या दिवसापासून होती. पहिल्या खेपेच्या वेळी कुणी तिकडे पाहिलं नाही.

निष्पत्ती

२०२५ च्या फेब्रुवारीत दुसरी खेप आली. पाच टन, अस्तर लावलेल्या पोत्यांत, थेट गाडीने. ओलावा मर्यादेत, जिवाणूंची संख्या बरीच खाली. भाव कोरड्या हिशेबाच्या ६.५ टक्क्यांवर बांधला होता, वर प्रत्येक दशांशाला वाढ आणि खाली तशीच घट. या खेपेला कॉंगना मिळालेला भाव त्यांनी पहिल्या दिवशी वाशीत सांगितलेल्या भावाच्या अगदी जवळ होता.

रबाळ्याच्या कारखानदारांनी त्या भागात आणखी एक ड्रायर विकला, तो अजून नीट वापरात नाही. तो घेणाऱ्या गटाकडे अनुदान होतं, पण माल घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. चेंबरने जुळवलेली दुसरी जोडीही जमली नाही: वागळे इस्टेटमधला पॅकिंग साहित्याचा कारखाना आणि शिलाँगचा एक मधविक्रेता. बाटलीचा साचा बनवून घ्यायला लागणारी किमान मागणी मधविक्रेत्याच्या वर्षभराच्या धंद्यापेक्षा मोठी होती. हे पहिल्या फोनवर कळायला हवं होतं, कळलं तिसऱ्या बैठकीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली खेप मे महिन्यात पाठवायलाच नको होती. त्या वेळी फक्त वीस-पंचवीस किलोचा नमुना घेऊन, तपासण्या करून, करार घासून घेऊन जानेवारीपर्यंत थांबता आलं असतं. कॉंगची पैशाची गरज खरी होती. पण ती कंपनीने पुढच्या हंगामासाठी दिलेल्या छोट्या उचलीतून भागली असती. उचलीचा विषय कुणी काढलाच नाही, कारण विवरणपत्र नसलेल्या बाईंना उचल द्यायची कल्पनाच लेखा विभागाला सुचणार नव्हती.

सही कोणाची, हा प्रश्न पहिल्या बैठकीच्या आधी विचारायचा. चेंबरच्या नव्या नोंदणी अर्जात आता तो रकाना आहे: निर्णय कोण घेतं, बोलणी कोण करतं, दोघं वेगळे असतील तर दोघांची नावं. असा रकाना ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच कौटुंबिक कारखान्यांनाही लागू पडेल, हे जाता जाता.

वेळापत्रकाबाबतही दोन्ही बाजूंनी उगीच चिडचिड करून घेतली. कंपनीला दर सोमवारी मालाचा अहवाल हवा होता. जैंतिया हिल्समधले आठवडी बाजार पारंपरिक आठ दिवसांच्या फेऱ्याने भरतात, कॉंगची खरेदी त्यावर चालायची. त्यांचा अहवाल दर वेळी एक दिवस पुढे सरकायचा आणि खरेदी अधिकारी ते आळसाच्या खात्यावर मांडायचा. कारण कळल्यावर कंपनीने सोमवारचा आग्रह सोडला.

करारातल्या तीन ओळी कमी पडल्या. कुरकुमिन कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या हिशेबाने मोजायचं, निर्जंतुकीकरणाचा खर्च कोणाचा, आणि वाटेत दंड झाल्यास तो कोणी भरायचा. पहिल्या दोन दुसऱ्या करारात आल्या. तिसरी अजून नाही. वाहतूकदार ती मान्य करत नाही आणि चेंबरने तिथे जोर लावलेला नाही. तो सभासद आहे, म्हणून असेल.

सर्वांत कच्चा धागा चेंबरच्याच बाजूचा आहे. हे सगळं एका कार्यकारी अधिकाऱ्याने आपली नेहमीची कामं सांभाळून केलं. नमुन्यांचं कुरियर, तपासण्यांचा वरचा खर्च, फोनवर गेलेले तास, कशाचंही शुल्क चेंबरने घेतलं नाही. फुकट असल्याने सगळ्यांनी कौतुक केलं. फुकट असल्यानेच अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना नाही. मागच्या निवडणुकीनंतर नवीन कार्यकारिणी आली, तिच्यासमोर गुवाहाटीच्या शिष्टमंडळाचा आणि सामंजस्य कराराचा प्रस्ताव पुन्हा आला आहे. खजिनदारांनी दुसरा प्रस्ताव ठेवला आहे: जुळवून दिलेल्या प्रत्येक सौद्यावर पहिल्या दोन खेपांपुरतं दोन्ही बाजूंकडून ठरावीक शुल्क घ्यावं आणि त्यातून अर्धवेळ माणूस नेमावा. पावण्याची कंपनी द्यायला तयार आहे. कॉंगनी विचारलंय की शुल्क दिल्यावर तंट्याच्या वेळी चेंबर तितकंच तटस्थ राहील का. त्याचं उत्तर कार्यकारिणीने अजून दिलेलं नाही.